चपलांजवळची जागा

बसस्टँडच्या फाटकाशी बाया टोपल्यांतून टेंबरं घेऊन बसल्या, की माझ्या लेखी उन्हाळा सुरू होतो. शाळेचं वेळापत्रक आणि हवामान खातं यांचं म्हणणं वेगळं असेल, ते त्यांच्यापाशी. टेंबरं म्हणजे तेंदूची फळं. ज्याची पानं विडीसाठी जातात त्याच झाडाची. वरून पिवळं, कडक टरफल, आत चिकूच्या जवळपास जाणारा गुळमट गर, आणि चुकून अर्धवट पिकलेलं निघालं तर जीभ दिवसभर रुसून बसते. मी चंद्रपूरकडच्या मूल गावी शाळेत शिकवते, पण मे महिना आईबाबांकडे, भद्रावतीला. चाळिशी गाठली तरी हा नेम मोडलेला नाही. यंदाही बसमधून उतरले आणि रिक्षा शोधायच्या आधी दोन ओंजळी टेंबरं घेतली.

बाबा ओसरीत कूलरपुढे बसले होते. एक टेंबर त्यांनी फोडलं, चवीनं खाल्लं आणि म्हणाले, "गोड हाय. पन त्या महालाकडचे याच्यापेक्षा गोड होते."

आईनं आतून विचारलं, "टेंबरं गोड होते का महाल गोड होता, ते सांगा आधी."

बाबा हसले. आमचे बाबा असे सहज हसतात ही गोष्ट अलीकडची, दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यापासूनची. म्हणून टेंबरं आली की मला तो उन्हाळा आठवतो, आणि तो आठवला की त्याच्या मागचे बाकीचेही उन्हाळे बोलावल्यासारखे येऊन बसतात.

बाबांनी चौतीस वर्षं तोफगोळ्यांच्या कारखान्यात काढली. "भरणीत हाये," आई सांगायची, आणि विषय तिथेच संपायचा. भरणी म्हणजे गोळ्याच्या पोकळ पोटात बारूद भरण्याचा विभाग. आतलं बाहेर बोलायचं नाही असा तिथला नियम होता. बाबांनी तो इतका मनावर घेतला की बाहेरचंही ते फारसं बोलेनासे झाले. आम्हाला त्यांच्या कामाची ओळख होती ती त्यांच्या तळहातांवरून. बारुदीनं ते पिवळे पडलेले असत, साबणानं निघत नसत. कॉलनीतल्या आमच्या ओळीत बहुतेकांचे वडील भरणीतच होते. त्यामुळे बापाचे हात हळद लावल्यासारखे असतात, अशीच माझी लहानपणी समजूत होती. पहिल्यांदा मामाचे तळहात नीट पाहिले तेव्हा मला वाटलं, मामा आजारी आहे.

आणखी एक गोष्ट होती. भरणीच्या दारात तांब्याची एक पत्री बसवलेली असायची. आत जाण्याआधी प्रत्येकानं तिच्यावर तळहात टेकवायचा. अंगात साचलेली वीज तिच्यातून जमिनीत उतरते, ठिणगी पडायचं भय राहत नाही. खिशातलं सगळं बाहेर काढून ठेवायचं: माचिस, किल्ल्या, नाणी, कंगवा. मग बिनखिशाचे, नाड्यांचे कपडे चढवायचे. हे मला बाबांनी सांगितलेलं नाही. शेजारच्या काकांनी सांगितलं, तेही एकदाच, आणि नंतर दोन दिवस ते माझ्या बाबांची नजर चुकवत होते. पण सवय कुठे लपते? कुठल्याही नव्या दारापुढे बाबा क्षणभर थांबायचे आणि चौकटीला, कडीला, जे काही धातूचं हाती लागेल त्याला तळहात लावायचे. माझ्या लग्नात मांडवाच्या लोखंडी खांबाला हात लावूनच ते आत आले. व्याही मंडळींना ते फार भाविक वाटले.

आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पनच्या दीक्षेनंतर घरातले जुने देव गावाबाहेरच्या नाल्यात सोडले, आणि तेव्हापासून आमच्या घरात बुद्ध आणि बाबासाहेब. बुद्धपौर्णिमा भर मे महिन्यात येते. पहाटे आंघोळी उरकून, पांढरे कपडे घालून आम्ही विहारात जात असू. मी सातवीत असताना एक भन्ते पाहुणे म्हणून आले होते. फार गोड बोलत. सम्यक आजीविका समजावताना त्यांनी उपासकानं कोणते पाच धंदे करू नयेत ते बोटांवर मोजलं. पहिलंच बोट शस्त्रांचं. समोर बसलेल्यांपैकी अर्धे कारखान्यातले आहेत हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. कुणी खाकरलं, कुणी उगाच पोरांना दटावलं, एक जण तर चक्क हसला. बाबा उठले. मला वाटलं घरी निघाले. ते दारापाशी गेले, खाली बसले आणि बाहेर पडलेल्या चपला जोडीनं लावू लागले.

त्यानंतर विहारात त्यांची जागा तीच. शेवटच्या ओळीच्याही मागे, उंबऱ्याला लागून, चपलांजवळ. लोक म्हणत, बाबांची सेवा पाहा, एवढ्या चपला एकटा माणूस लावतो. समितीनं एकदा नारळ आणि शाल देऊन त्यांचा सत्कारही केला. सत्कार घ्यायला पुढे या म्हणून तिघे जण विनवत होते आणि बाबा जागचे हलेनात. शेवटी शालच मागे न्यावी लागली. आई त्या दिवशी घरी येऊन रडली. मला म्हणाली, "तुह्या बाबाले आतून काही तरी खाऊन राह्यलं. नोकरी सोडा म्हनू तं तुमी तिघं भावंडं. नोका सोडू म्हनू तं हे असं." मी तेव्हा बारा वर्षांची होते, पण ते सगळं मला समजलं होतं. नुसतं बोलता येत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या मेमध्ये हेडमास्तरांनी माझ्यामागे एक काम लावलं. हिवाळ्यात शाळेची सहल न्यायची होती, आणि मूल ओलांडून गडचिरोलीच्या वाटेला जंगलात एक जुना राजमहाल आहे, तिथे माजी सैनिकांनी सैनिकी संग्रहालय उभं केलंय, ते आधी पाहून या म्हणाले. आईनं महाल हा शब्द ऐकला आणि तयारीला लागली. राणीची न्हाणी पाहायची तिला फार दिवसांची हौस. बाबा म्हणाले, "तुमी जा. मी घर राखतो."

"घराले काय होऊन राह्यलं? ते काय पळते?" आई म्हणाली. "मी एकटी नाई जात जी. उन्हात चक्कर आली मंग?"

आईला आयुष्यात कधी चक्कर आलेली नाही. पण बाबा निघाले.

पहिल्या बसनं चंद्रपूर, तिथून मूल, पुढे ऑटो. मूल सुटल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रान लागलं. साग उघडाबोडका झाला होता, मोहाला मात्र नवी तांबूस पालवी होती. डोक्यावर तेंदूपानांचे भारे घेतलेल्या बाया रांगेनं गावाकडे परतत होत्या. महालाची कमान दिसली आणि मला हसूच आलं. समोरच्या मैदानात एक खराखुरा रणगाडा उभा, आणि त्याच्या चारी बाजूंना तेंदूपानांचे पुडे ओळीनं वाळत घातलेले. गावात एवढी सपाट, मोकळी जागा दुसरी नव्हती. महालाचा मालक, लोक ज्याला राजा म्हणत तो जमीनदार, असतानाही पानं इथेच वाळायची म्हणे, रणगाडा नंतर आला. एक म्हातारी त्याच्या सावलीत बसून पुडे पलटवत होती. आई तिच्याशी लगेच बोलायला लागली. तिच्याकडूनच ती टेंबरं मिळाली, विकत नव्हे, अशीच ओच्यातून काढून दिलेली.

दारात टेबल टाकून एक माणूस बसला होता. पिळदार मिशा, खाकी टोपी, पायात रबरी चपला. नाव मडावी, हवालदार म्हणून निवृत्त, याच गावचा गोंड. त्यानं वही पुढे केली. नाव, गाव, आणि तिसरा रकाना, 'सैनिकाशी नाते'. आमच्या वरच्या ओळींत मुलगा, भाचा, मावसभाऊ, शेजारी असं काय काय लिहिलेलं होतं.

"फौजेत कोनी?" मडावीभाऊंनी विचारलं.

"कोनी नाई," बाबा म्हणाले, आणि त्यांनी आपल्या नावापुढच्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली.

मग आम्ही महालाच्या दरवाजाशी आलो. सागवानाची दोन उंच दारं, त्यांवर मुठीएवढ्या, फुलासारख्या फुगीर पितळी फुल्या. बाबा थांबले. एका फुलीवर तळहात टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला. नंतर मागे वळून टेबलाशी गेले आणि खिसे रिकामे करू लागले. किल्ल्या. कंगवा. मोबाइल. रुमाल. सुटी नाणी. कमरेचा पट्टा, कारण त्याला लोखंडी बक्कल. आणि सगळ्यात शेवटी, ऊन लागू नये म्हणून आईनं सकाळी खिशात घातलेला कांदा.

मडावीभाऊ कांद्याकडे पाहत राहिले. "कांदा नेला तं चालते, भाऊ. इथी कोनी मनाई केली?"

"नाई नाई. खिशातलं सारं बाहेर," बाबा म्हणाले. एका हातानं पँट धरलेली.

"देवळात बी लोक एवढं नाई करत," मडावीभाऊ हसून म्हणाले. मला मात्र हसू आलं नाही. बाबांना आत काय आहे ते माहीत होतं, आणि ते आत जाण्याची तयारी करत होते.

महाल आतून थंड होता. हातभर जाडीच्या भिंती, वर लाकडी सज्जा. दरबारात जिथे जमीनदाराची गादी असायची तिथे आता पदकांची काचपेटी. शिकारखान्यात गणवेश, पाण्याच्या बाटल्या, बर्फातले बूट. एका भिंतीवर चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतून फौजेत गेलेल्यांचे फोटो. त्यांतले काही माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा फार मोठे दिसत नव्हते. त्यांच्या घरी आलेली आंतर्देशीय पत्रं काचेखाली ठेवलेली. एकात लिहिलं होतं, धान कसं आहे ते कळवा, बैल विकू नका. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. आईला न्हाणी सापडली, पण तिच्यात आता बिनतारी यंत्रं मांडलेली होती. "रानी कुठी आंघोळ करत असन मंग?" असं म्हणत ती दगडी हौदाचा काठ शोधत फिरली, आणि शेवटी तो सापडल्यावर एखाद्या इन्स्पेक्टरसारखी समाधानानं परतली.

बाबा शेवटच्या दालनात होते. ती राजाची भोजनशाळा होती. मधोमध एक तोफ, आणि तिच्या शेजारी चौथऱ्यावर उभा एक गोळा. माझ्या कमरेच्या वरपर्यंत येणारा, हिरवट रंगाचा, अंगावर पिवळी छापील अक्षरं आणि आकडे. समोर चिठ्ठी: तोफगोळा, निकामी. बाबा खाली वाकून ती अक्षरं वाचत होते. ओठ हलत होते. मी जवळ गेले तशी माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आपल्या इथला हाय."

"कशावरून?"

"इथी लिवलं हाय नं. आमच्या भरणीचा. तू दहावीत होती त्या सालचा."

मी दहावीत होते त्या उन्हाळ्यात वर सरहद्दीच्या पहाडात लढाई चालू होती. भद्रावतीत पारा सत्तेचाळीसच्या पुढे आणि बाबा एका पाळीला जोडून दुसरी पाळी करत. आई डब्यात ताक द्यायची, तो डबा तसाच परत यायचा. टीव्हीवर तोफा धडधडल्या की आम्ही पोरं टाळ्या पिटायचो, आणि बाबा उठून अंगणात जाऊन उभे राहायचे. एवढ्या वर्षांनी तो सगळा उन्हाळा माझ्यासमोर चौथऱ्यावर उभा होता, आणि त्याला हात लावायची मला भीती वाटत होती.

बाबांनी मात्र लावला. गोळ्याच्या टोकाला एक जाड लोखंडी कडी होती, तिच्यावर.

मागून मडावीभाऊ आले होते. "ती कडी उचलाले असते," ते म्हणाले.

"हाव. पन ते कारखान्यातून निघतानी लावतात." बाबांचा आवाज हळू होता, पण स्पष्ट. "तोफेपाशी गेल्यावर कडी काढा लागते. तिच्या जागी फ्यूज बसवा लागते, तवाच गोळा फुटते. याले अजून कडीच हाय. म्हंजे हा भरला, रेल्वेच्या डब्ब्यात चढला, वरपर्यंत गेला असन. पन फुटला नाई. कोनी याची बारूद काढली आन आनून ठेवला."

कामाबद्दल बाबांच्या तोंडून एवढी वाक्यं मी पहिल्यांदा ऐकली. आई दारात उभी होती, हातात टेंबरं. तीही पहिल्यांदाच ऐकत होती.

मडावीभाऊ पुढे आले. त्यांनी बाबांच्या तळहातांकडे पाहिलं. पिवळेपणा केव्हाच गेला आहे, तरी त्यांनी पाहिलं. "तुमी भरनारे काय? मी तोफेवर होतो, भाऊ. या गोळ्याच्याच साली, पहाडात. कड्या आमीच काढत होतो. पहाटे त्या अशा गार राहत का बोटाले चिकटे. कातडी निघे."

"आमच्या इथी गरमीनं निघे," बाबा म्हणाले.

दोघंही गोळ्याच्या दोन बाजूंना उभे. बाबांनी एक प्रश्न विचारला. मला वाटतं, तो विचारायला त्यांना पंचवीस वर्षं कुणी भेटलं नव्हतं. "एखादा तोफेतच फुटला का? आपल्याच पोरांवर?"

"आमच्या तोफेत एक बी नाई. फुटला असता तं मी हे वही घेऊन कसा बसलो असतो?"

बाबांनी मान हलवली. मग आणखी हळू विचारलं, "आन तिकडं? ज्याइच्यावर पडे त्याइचं?"

मडावीभाऊंनी टोपी काढली, डोकं पुसलं. "तिकडचं आमाले दिसे नाई. तोफ डोंगराच्या मांगून चाले. पन मी बी तेच इचारतो स्वतःले. घरी बसून इचार केला तं माणूस येडा होईन. म्हनून इथी येऊन बसतो. पोरं येतात, त्याइले सांगतो, हे पाहा, हे असं असते." टोपी परत चढवून म्हणाले, "तुमच्यानं मी वाचलो, हे बी खरं हाय. दोन्ही खरं हाय, भाऊ. एक घेऊन दुसरं टाकता येत नाई."

मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. भन्त्यांनी बोट मोजलं ते चूक नव्हतं, आणि बाबांनी आम्हा तिघांना शिकवलं तेही चूक नव्हतं. पण ही गोष्ट बाबांना सांगू शकेल असा माणूस त्या कडीच्या दुसऱ्या टोकाला असायला हवा होता. आम्ही घरचे कितीही बोललो असतो तरी ते आमच्या प्रेमाच्या खात्यात गेलं असतं.

बाबांनी कडी सोडली. "हा एक तं राह्यला," म्हणाले, आणि रुमाल काढायला खिशात हात घातला. खिसा रिकामा. आईनं पदर पुढे केला. भर महालात, परक्या माणसासमोर, माझ्या बाबांनी आईच्या पदरानं डोळे पुसले. आई म्हणाली, "पुसा, पुसा. धुवाचाच हाय तो."

निघताना टेबलाशी त्यांनी एकेक वस्तू उचलली. पट्टा बांधला, कांदा खिशात ठेवला. मग वही आपल्याकडे वळवली, स्वतःची ओळ शोधली, आणि 'सैनिकाशी नाते' याखालची आडवी रेघ खोडून तिच्यावर बारीक, नीट अक्षरात लिहिलं, 'गोळे भरत होतो'. मडावीभाऊंनी ते वाचलं आणि उठून उभे राहिले. सॅल्यूट वगैरे काही केलं नाही. म्हणाले, "पुढच्या खेपेले येजा. त्या चिठ्ठीवर कडीचं बी लिवू."

त्या हिवाळ्यात मी शाळेची सहल नेली तेव्हा चिठ्ठी बदललेली होती. बाबा तेव्हापासून तीनदा जाऊन आले आहेत, एकदा तर आईला न सांगता. मडावीभाऊ आता दारात येणाऱ्या पोरांना आधी पितळी फुलीला हात लावायला लावतात. कशासाठी ते, बाबा तिथे असले तर, पोरं आत गेल्यावर बाबाच सांगतात.

हे सगळं मी लिहिते आहे ते परवाच्या बुद्धपौर्णिमेमुळे. सकाळी विहारात गेलो. आई आणि मी बायकांच्या बाजूला बसलो. सवयीनं माझी नजर उंबऱ्याकडे गेली. तिथे कुणी नव्हतं. आईनं कोपरानं ढोसलं आणि हनुवटीनं दाखवलं. बाबा शेवटून दुसऱ्या ओळीत बसले होते, हात जोडून, दोन्ही बाजूंना माणसं. मागल्या वर्षी शेवटच्या ओळीत होते म्हणे, मी तेव्हा परीक्षेच्या कामात अडकल्यानं उशिरा पोचले होते.

"दोन सालात दोन ओळी," आई कानात म्हणाली. "धा ओळी हायेत. वयाच्या ऐंशीव्या सालापावतर पोचतीन पुढं."

मी तोंडावर पदर धरला. वंदना संपली, खीर झाली, आणि आम्ही बाहेर आलो तर पायऱ्यांवर चपलांचा नुसता काला. कुणी लावलेल्याच नव्हत्या. एकाची डावी दुसऱ्याच्या उजवीवर चढलेली, पोरं उड्या मारून शोधतायत, समितीचे अध्यक्ष एका पायावर उभे राहून "अरे, माही कुठी गेली?" म्हणून ओरडतायत. ऊन चांगलंच चढलं होतं, फरशी तापलेली. त्या सगळ्या गर्दीत बाबा अनवाणी, पाय उचलत, वाकून आपली जोडी शोधत होते.